हार्ड डिस्क? कोण हार्ड डिस्क?

ऑफिसात लॅपटॉप रुसला की आपण काय करतो? तिकीट टाकतो. तिकीट टाकून कॅन्टीनमध्ये जातो, एक कटिंग मारतो आणि परत येतो तोवर सपोर्टवाला मुलगा कुठूनतरी लांबून आपल्याच स्क्रीनवर माऊस फिरवत असतो. फारच झालं तर नवा लॅपटॉप हातात ठेवतात. पासवर्ड टाकला की फायली, मेल्स, सगळा संसार पुन्हा जागच्या जागी. आत काय बिघडलं होतं, हे विचारायचं आपल्याला सुचतही नाही. आणि विचारून करणार काय? हल्लीच्या लॅपटॉपच्या पोटात निम्म्या गोष्टी चिकटवलेल्या, उरलेल्या सोल्डर केलेल्या.

म्हणजे बघा, दिवसाचे दहा तास कॉम्प्युटरसमोर काढणारे आपण, पण कॅबिनेटचे दोन स्क्रू काढून आत डोकावलंय असे आपल्यात किती जण असतील? माझ्या टीममध्ये विचारलं तर चौदापैकी दोन हात वर आले. त्यातला एक आमचा मॅनेजर, वय वर्षं एक्कावन्न.

यंदा आमची ठाण्याची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि कॅबिनेट उघडायची वेळ माझ्यावर आली. घर रिकामं करायला बिल्डरने दिलेला एक महिना. माळ्यावरून काय काय निघालं ते सांगत बसत नाही, ज्यांच्या बिल्डिंगा पडल्यात त्यांना माहितीये. पितळी घंगाळ, दोन सायकलींचं मिळून एक चाक, आणि जुन्या चादरीत गाठोडं बांधलेला आमचा पहिला कॉम्प्युटर. २००४ साली लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क. तेव्हा बिल्डिंगमधली पोरं तो बघायला यायची. आता तुमच्या-माझ्या फोनमध्ये सुट्टीचे नुसते व्हिडिओच त्याहून जास्त भरतील.

आईने भंगारवाल्याला बोलावलंही होतं. तीनशे रुपये ठरले होते. तेवढ्यात बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, ‘‘तो नको देऊस. त्यात आईचं आहे.’’

त्यांची आई, म्हणजे माझी आजी. बाबा सरकारी कार्यालयात टायपिस्ट होते, मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेले. २००६-०७ मध्ये दर रविवारी दुपारी आजी पलंगावर बसून सांगायची आणि बाबा ती बोलेल त्या वेगाने थेट टाईप करायचे. राजापूरकडचं माहेर, लग्न, १९५६ साली जैतापूरहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरणं, गिरगावातली चाळ, सगळं. २००९ मध्ये आजी गेली. प्रिंट कधी काढलाच नव्हता, कारण त्या काळी प्रिंटरच्या कार्ट्रिजचा खर्च म्हणजे महिन्याच्या दुधाच्या बिलाशी स्पर्धा. सीडीवर एक कॉपी होती. ती सीडी सापडली, पण तिचा चंदेरी थर ठाण्याच्या दमट हवेने पापडासारखा सुटून आला होता. उरली हार्ड डिस्क. आणि ती २०१३ मध्ये ‘गेली’ होती. म्हणजे तसं तेव्हा घरी आलेल्या रिपेअरवाल्याने पाच मिनिटं बघून सांगितलं होतं : डिस्क डिटेक्ट होत नाही, गेली, नवीन टाका. बाबांनी नवीन टाकली नाही. कॉम्प्युटर चादरीत बांधून वर ठेवला, आणि मला वाटतं तो विषयही.

आता ‘डिटेक्ट होत नाही’ याचा अर्थ काय, ते जरा सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. कॉम्प्युटर चालू केला की विंडोज नंतर येतं. त्याआधी मदरबोर्डवरच्या एका चिपमधला बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम हजेरी घेतो. रॅम आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क कुठली? जिने ‘हजर’ म्हटलं नाही ती बायोसच्या लेखी नाहीच. पण वर्गात हजेरी न देणारा मुलगा काही दर वेळी मेलेला नसतो. तो दाराबाहेर अडकलेला असेल, त्याचा आवाज मास्तरांपर्यंत पोचत नसेल, किंवा मास्तरांचंच हजेरीपत्रक हरवलं असेल. या प्रत्येक शक्यतेला कॉम्प्युटरच्या आत एक वस्तू आहे, आणि त्यातल्या बहुतेक वस्तू शंभर रुपयांच्या आतल्या. ‘डिस्क गेली’ हे निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं. घरी येऊन पाच मिनिटं बघणाऱ्याला ते सगळ्यात आधी करणं परवडतं, एवढंच.

बारा वर्षं बंद पडलेलं मशीन थेट प्लगमध्ये घालायचं नाही, ही पहिली गोष्ट. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर, म्हणजे त्या छोट्या डबड्या, वर्षानुवर्षांत सुकतात, फुगतात. शिवाय २०००च्या सुमाराला बाजारात खराब कपॅसिटरची अशी काही लाट आली होती, की त्या काळातले कित्येक मदरबोर्ड त्यापायी गेले. त्यामुळे झाकण काढून आधी टॉर्चने प्रत्येक डबडीचं टाळकं बघितलं. सपाट असेल तर ठीक, फुगलेलं किंवा तपकिरी चिकट काही गळलेलं असेल तर थांबायचं. आमच्या सगळ्या सपाट होत्या. बाल्कनीत नेऊन रंगाच्या मऊ ब्रशने धूळ काढली. मग हार्ड डिस्कची पॉवरची पिन आणि डेटा केबल दोन्ही काढून ठेवून मशीन चालू केलं. जळलंच काही तर डिस्क त्यात नको.

मॉनिटर कधीच देऊन टाकलेला. पण हॉलमधल्या टीव्हीच्या मागे व्हीजीए पोर्ट होतं. आईची मालिका बंद करून तिथे कॉम्प्युटर लावणं, हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात धोक्याचा भाग होता.

चालू केला तर नुसता बीप, बीप, बीप. इथे मात्र प्रत्येक मराठी घराला माहीत असलेला उपाय : रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचा. फिरवला. पुन्हा लावली. एकच छोटा बीप, आणि टीव्हीवर पांढरी अक्षरं : ‘सीएमओएस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’. तारीख १ जानेवारी २००२.

म्हणजे हजेरीपत्रक हरवलेलं. मदरबोर्डवर एक चपटा सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. गाडीच्या किल्लीत आणि वजनकाट्यात घालतात तोच. लाईट नसताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग्ज तो सांभाळतो. तो संपला की काही मदरबोर्ड डिस्कचीही माहिती विसरतात. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून चाळीस रुपयांत नवा आणला, मशीन बंद करून डिस्कच्या पिना परत लावल्या आणि डिलीट बटण दाबत बायोसमध्ये शिरले. टीव्हीभर निळा पडदा आणि पिवळी अक्षरं. तारीख दुरुस्त केली. खाली बघितलं : ‘आयडीई प्रायमरी मास्टर : नन’.

कोणी नाही. बाबा मागे उभे होते. ‘‘हेच तो पण म्हणाला होता,’’ म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आतेभावाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तर त्याचं उत्तर, ‘‘फ्रीझरमध्ये ठेव रात्रभर. नाहीतर टपली मार.’’ हे दोन्ही सल्ले तुम्हालाही कोणीतरी देईल, म्हणून सांगून ठेवते. डिस्कच्या आत आरशासारख्या चकत्या असतात. आमच्या मॉडेलमध्ये त्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. त्यांच्यावरून वाचणारं डोकं चकतीला न टेकता तरंगतं, आणि ते अंतर केसाच्या जाडीच्या काही हजार पटींनी कमी. फ्रीझरमधून काढल्यावर थंड धातूवर जे दव जमतं, त्याचा एक थेंब या हिशेबात डोंगर आहे. टपलीबद्दल तर बोलायलाच नको. एखाद्याची डिस्क फ्रीझरने खरोखर चालू झालीही असेल. आजीच्या बाबतीत मला तो एखादा व्हायचं नव्हतं.

मी केलं ते इतकंच : कान लावला. आपण या मशीनकडे बघत बसतो, पण जुन्या हार्ड डिस्कचं बरंचसं निदान कानानेच होतं. पॉवर दिल्यावर बारीक घूंऽऽ असा चढत जाणारा आवाज आला, तर मोटर फिरतेय. टक्-टक्-टक् अशी लयीत टिचकी आली, तर डोकं जागा शोधत धडपडतंय, लगेच बंद करायचं आणि क्लीन रूमवाल्यांकडे जायचं. आणि काहीच आवाज आला नाही तर?

आमची गप्प होती. कॅबिनेटच्या पत्र्यावर बोट ठेवलं तरी थरथर नाही. बाबांच्या लेखी ही वाईट बातमी होती. मला उलट थोडा धीर आला. टकटक करणारी डिस्क आजारी असते, पण गप्प असणारीला कदाचित कुणी जेवायलाच दिलेलं नसतं.

मशीन बंद केलं, वायर भिंतीतून काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली आणि पॉवरचा तो पांढरा कनेक्टर हातात घेतला. चार वायरी : पिवळी, दोन काळ्या, लाल. लाल पाच व्होल्टची, तिच्यावर डिस्कचं सर्किट चालतं. पिवळी बारा व्होल्टची, तिच्यावर मोटर. कनेक्टर समोरून बघितला तर तीन भोकांत पितळी नळी दिसत होती, चौथ्यात नाही. पिवळ्या वायरची नळी मागे सरकली होती. कनेक्टर खुपसला की डिस्कची पिन तिला आत घेण्याऐवजी मागे ढकलायची. बाहेरून बघाल तर कनेक्टर एकदम घट्ट बसलेला. आत मोटरला एक थेंब वीज नाही. दुसरा मोकळा कनेक्टर लोंबकळत होताच, तो लावला.

घूंऽऽ.

हॉलमध्ये आम्ही तिघं होतो आणि त्या आवाजाने तिघंही गप्प झालो. बाबा गॅलरीतून आत आले. हा आवाज आमच्या घरात रोज संध्याकाळी यायचा. तो ऐकून आजी विचारायची, ‘‘लावलास का रे तुझा पंखा?’’

बायोसमध्ये आता ‘नन’ नव्हतं. पण जे होतं ते वाचता येत नव्हतं. डिस्क स्वतःचं मॉडेल नाव बायोसला सांगते, आणि कंपनीच्या नावाच्या जागी भलतंच काहीतरी उमटलं होतं. एक अक्षर बरोबर, एक चूक, एक बरोबर, एक चूक. सगळ्या नावभर असंच, एक आड एक.

मला या भानगडीतलं सर्वात जास्त आवडलेलं कोडं हेच. ती जुनी चपटी आयडीई केबल आठवते? पट्ट्यासारखी रुंद. तिच्यातून माहिती एकदम सोळा तारांवरून जाते, म्हणजे एका खेपेला दोन अक्षरं, प्रत्येक अक्षराला आठ तारा. आता त्यातली एकच तार तुटली किंवा टेकत नसली तर? दोनपैकी एकाच अक्षराचा एक कण चुकणार, दुसरं ठणठणीत. म्हणून एक आड एक. डिस्क आपलं नाव नीट सांगत होती, रस्त्यात कोणीतरी निम्मी अक्षरं बदलत होतं. अशा वेळी बायोस कधी चुकीचं नाव घेतो, कधी सरळ ‘नन’ म्हणून मोकळा होतो. सॉलिड ना?

आता आयडीई केबल आणायची कुठून? २००३ पासून बारीक साटा केबल आली आणि हे पट्टे हळूहळू बाजारातून गेले. लॅमिंग्टन रोडला जायच्या तयारीत होते, पण स्टेशनजवळच्या गल्लीत एक हार्डवेअरवाले काका आहेत. आता ते मोबाईलची कव्हरं विकतात. त्यांनी स्टुलावर चढून एक खोका काढला. ‘‘मॅडम, चाळीस तारांची नका नेऊ, ही ऐंशीची घ्या. निळं टोक मदरबोर्डला, काळं डिस्कला. मधलं राखाडी तसंच सोडा. आणि कडेची लाल रेघ पॉवरच्या पिनेकडे.’’ पैसे विचारले तर पन्नास म्हणाले. मग डिस्क कशासाठी हवीय ते विचारलं, मी सांगितलं, आणि तीसच घेतले. ‘‘जंपर बघितलात?’’ त्यांनी मागून ओरडून विचारलं. बघितला होता. डिस्कच्या पाठीला दोन पिनांवर बसणारी नखाएवढी टोपी. एका केबलवर दोन उपकरणं असली तर मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण, ते तिच्यावरून ठरतं, आणि दोघंही मास्टर म्हणून बसली तर दोघंही दिसेनाशी होतात. आमच्या डिस्कवर ती मास्टरवर होती. सीडी ड्राइव्ह मी आधीच सोडवून ठेवला होता.

नवी केबल लावली. नाव आलं, अगदी शुद्ध. ४० जीबी. निळा पडदा गेला आणि टीव्हीवर विंडोज एक्सपीची ती हिरवी पट्टी पळायला लागली.

मी पॉवरचं बटण दाबून धरलं आणि मशीन बंद केलं.

‘‘अगं! चालू झाला की! बंद काय करतेस?’’ बाबा जवळपास किंचाळले. आईनेही माझ्याकडे असं बघितलं, की मी आजीचाच हात सोडलाय.

मंडळी, हेच ते वळण जिथे बहुतेकांची फाईल जाते. डिस्क सापडल्याच्या आनंदात आपण विंडोज सुरू करतो, फोटो बघतो, गाणी लावतो. आणि विंडोज सुरू होताना डिस्कवर नुसतं वाचत नाही, सारखं काहीतरी लिहीत असतं. बारा वर्षं पडून असलेल्या मोटरमध्ये किती तास उरलेत ते कुणालाच ठाऊक नसतं. ते तास वॉलपेपर बघण्यात घालवायचे नाहीत. आधी कॉपी, बाकी सगळं नंतर. बाबांना म्हटलं, ‘‘उद्यापर्यंत द्या मला.’’ त्यांनी काही न बोलता टीव्हीची केबल काढून आईची मालिका लावून दिली.

आयडीईवरून यूएसबी करणारा अ‍ॅडॉप्टर ऑनलाईन मागवला. घेताना एवढं बघा, की त्याच्यासोबत वेगळा पॉवर अ‍ॅडॉप्टर हवा, कारण साडेतीन इंची डिस्कची बारा व्होल्टची भूक यूएसबी भागवू शकत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर यूएसबी बंद, ते एक बरंच. घरच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. त्यात डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम मिळतो. तो फायली बघत नाही, डिस्कचा कण न् कण उचलून दुसरीकडे ठेवतो. शहाणपणा असा की एखादा तुकडा वाचता आला नाही तर तिथे डोकं आपटत बसत नाही. नोंद करतो, पुढे जातो, सोपं सगळं आधी उचलतो आणि शेवटी अवघड जागी परत येतो. विंडोजवाल्यांनो, अशी डिस्क जोडल्यावर ‘फॉरमॅट करू का?’ असा प्रश्न आला तर त्याचं उत्तर नेहमी ‘नाही’ असतं.

बहुतेक सगळं तासाभरात उचललं गेलं. मग एका जागी अडकलं. टक्. थोडं थांबून, टक्. रात्री साडेबाराला मी आणि बाबा त्या टेबल फॅनच्या वाऱ्यात ठेवलेल्या उघड्या डिस्ककडे बघत बसलो होतो, आयसीयूबाहेर बसतात तसे. पावणेदोनला काम संपलं. काही केबी हाती लागलेच नाहीत. ते कुठल्याशा गेमचे निघाले. माझ्या.

फाईल डी ड्राइव्हमध्ये होती, पूर्ण. कॉपीतून उघडली आणि स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा नुसता भाजीपाला.

बाबांचा चेहरा पडला, पण हे मला अपेक्षित होतं. बाबा टाईप करायचे कृतीदेवमध्ये, टाईपरायटरच्याच कीबोर्डवर. युनिकोडच्या आधीचे हे फॉन्ट म्हणजे खरं तर मुखवटे. आत साठतं इंग्रजी अक्षर, फॉन्ट त्यावर मराठीचं चित्र चढवतो. फॉन्ट नसेल तर ‘आई’ हा शब्द व्ही, के, बी आणि कॅपिटल झेड असा दिसतो. पहिल्या पानावर ते पाचदा होतं. फॉन्ट टाकला आणि पान उघडलं. बाबांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि चष्मा काढून ठेवला. आम्ही तेवढ्यावरच झोपायला गेलो.

आता त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर चाललंय, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येईल. कन्व्हर्टर मिळतात, पण कृतीदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार नंतर, त्यामुळे तिथे हमखास घोळ. मी वापरलेल्याला ‘ऱ्या’ही जमला नाही, आणि आजीच्या गोष्टीत सुऱ्या, दऱ्या, पायऱ्या आणि म्हाताऱ्या भरपूर. मूळ डिस्क स्टॅटिकविरोधी पिशवीत घालून भाड्याच्या घरी आलीये, बाकीचं मशीन ई-कचरावाल्यांनी नेलं. बाबांनी १०४ पानांचा प्रिंट काढायला लावला आणि लाल पेन घेऊन बसलेत. कन्व्हर्टरने खाल्लेली वाडीची, माणसांची नावं त्यांच्याशिवाय कोणाला येणार? आत्याचा रोज रात्री फोन येतो, तिला फक्त भाऊच्या धक्क्याची बोट कधी येतेय ते हवं असतं. बोट ४३व्या पानावर आहे. बाबा सध्या २८व्यावर आहेत.